स्ट्रायकर घ्यायच्या आधी वही घ्या: नव्या सीझनचा स्क्वाड कसा बांधायचा

जून लागला की आमच्या फुटबॉलच्या ग्रुपवर ट्रान्सफरशिवाय, म्हणजे कुठला प्लेअर कुठल्या क्लबात चालला ह्याशिवाय, दुसरा विषय नसतो. सकाळी कारखान्यात जाऊन डबा टेबलाखाली ठेवतोय न ठेवतोय तोवर फोनवर साठ-सत्तर मेसेज पडलेले, अमका येणार, तमक्याचं मेडिकल झालं, विमानतळावरचा फोटो आला, आणि त्या फोटोत तो प्लेअर नसतोच, त्याच्यासारखी दाढी असलेला कुणीतरी बॅग ओढत चाललेला असतो. एक चेल्सीवाला, दोन युनायटेडवाले, एक बार्सावाला आणि मी आर्सेनल. सगळ्यांचं म्हणणं एकच, एक भारी स्ट्रायकर घेतला की झालं बे आपलं.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. सूत किती आलं, माल किती गेला, कुठल्या मागाचा घसारा किती, दिवसभर हेच. त्यामुळं असेल, ट्रान्सफरची बातमी दिसली की प्लेअर किती भारी ह्याच्या आधी तो बसणार कुठं आणि त्याच्यासाठी उठणार कोण हेच माझ्या डोक्यात येतं. म्हणून दर जूनमध्ये मी एक वही करतो, आपल्या क्लबचा स्क्वाड स्वतः बांधून बघतो आणि विंडो, म्हणजे प्लेअर घ्यायची-विकायची मुदत, बंद झाली की क्लबनं काय केलं ते शेजारी लिहितो. दोघातिघांनी विचारलं की कसं करतोस, तर एकदाच सगळं लिहून टाकतो.

सामान फार नाही. शंभर पानी वही, पेन्सिल, खोडरबर. पेननं लिहू नका, ऑगस्टपर्यंत पान काळं होतं.

आधी भोक शोधा, नाव नंतर

पहिल्या पानावर मैदान काढा आणि कोच जसा खेळवतो तसे अकरा चौकोन. प्रत्येक चौकोनात दोन नावं, पहिला कोण आणि तो नसला तर कोण. नावापुढं वय आणि करार कुठल्या साली संपतो ते लिहा. ट्रान्सफरमार्क्ट ह्या वेबसाइटवर हे सगळं मिळतं. तिथं प्लेअरची किंमतही दिलेली असते पण ती अंदाजाची, तेवढ्यालाच विकला जाईल असं काही नाही, आमच्यातले दोघं त्या आकड्यावरून भांडून महिनाभर बोलत नव्हते.

आता खुणा करा. तिशी ओलांडलेल्याला गोल. करार एका वर्षावर आलेल्याच्या नावाखाली दोन रेघा. गेल्या सीझनला दुखापतीनं पंधरा-वीस मॅच बाहेर बसलेल्यापुढं फुली. आफ्रिकन प्लेअर असेल तर आफ्रिका कप कधी आहे ते बघा, मागचा २१ डिसेंबर २०२५ ते १८ जानेवारी २०२६ होता, म्हणजे बरोबर सीझनच्या मधोमध माणूस गायब. आणि एक गोष्ट नीट बघा, एकाच माणसाचं नाव तीन चौकोनांत बॅकअप म्हणून लिहिलं गेलं असेल तर ते तीन बॅकअप नव्हेत. तो एकच माणूस आहे, त्याला ताप आला की तिन्ही चौकोन उघडे.

माझंच उदाहरण देतो. २०२४ च्या उन्हाळ्यात मी आर्सेनलच्या स्ट्रायकरच्या चौकोनात हावर्ट्झ आणि जेझुस अशी दोन नावं लिहिली, दोन नावं आहेत म्हणजे भागलं असं समजून पान उलटलं. खरं बघितलं तर हावर्ट्झ मुळातला स्ट्रायकर नव्हे आणि जेझुसचा गुडघा २०२२ च्या वर्ल्ड कपपासून कुरकुरत होता, म्हणजे एक उसना आणि एक फुलीवाला. डिसेंबरात विंगवरच्या साकाची हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, गेली. १२ जानेवारी २०२५ ला एफए कपात युनायटेडविरुद्ध जेझुसचा गुडघा गेला. जानेवारीची विंडो तशीच गेली, स्ट्रायकर आला नाही. आणि फेब्रुवारीत दुबईच्या कॅम्पमध्ये हावर्ट्झची पण हॅमस्ट्रिंग. १५ फेब्रुवारीला लेस्टरमध्ये मेरिनो, जो मिडफिल्डर आहे, त्याला पुढं पाठवला आणि त्यानं सबस्टिट्यूट येऊन दोन गोल मारले, मी गच्चीवर एकटाच नाचलो, शेजारच्या काकूंनी विचारलं काय झालं रे. पण लीग गेलीच, लागोपाठ तिसऱ्या वर्षी दुसरा नंबर. मग २०२५ च्या उन्हाळ्यात ग्योकेरेस हा खरा स्ट्रायकर आला. वहीत ते भोक जून २०२४ लाच दिसायला हवं होतं.

उलटी बाजूही आहे, भोक नसलेलं वाटतं तिथं कोचला दिसतं. २०२३ ला आमच्याकडं गोलकीपर रॅम्सडेल होता, चांगला खेळत होता, आणि कोच आर्टेटानं ब्रेंटफर्डकडनं राया हा कीपर लोनवर, म्हणजे सीझनपुरता उसना, आणला. मी ग्रुपवर दीड पान शिव्या लिहिल्या. रायानं त्याच सीझनला गोल्डन ग्लोव्ह, म्हणजे सगळ्यात जास्त मॅच गोल न खाणाऱ्या कीपरचं बक्षीस, घेतला आणि पुढच्या सीझनलाही, दुसऱ्यांदा आणखी एका कीपरबरोबर वाटून. कोचला नुसता अडवणारा नको होता, पायानं पास देणारा पाहिजे होता. तेव्हापासून मी चौकोनात नुसतं 'लेफ्ट बॅक पाहिजे' असं लिहीत नाही, कसला लेफ्ट बॅक ते लिहितो, पुढं पळत जाऊन क्रॉस टाकणारा का आत मिडफिल्डमध्ये येऊन उभा राहणारा. हे लिहिलं की निम्मी अफवांची नावं आपोआप खोडली जातात.

कोण जाणार ते आधी लिहा

बहुतेक जण इथंच चुकतात. आमचा बार्सावाला दरवर्षी सहा जण आणतो आणि घालवत कुणालाच नाही, मग त्याच्या वहीत बत्तीस माणसं. अरे ड्रेसिंग रूम आहे का एसटी स्टँड?

दुसऱ्या पानावर दोन रकाने करा, डावीकडं जाणारे, उजवीकडं येणारे, आणि डावा रकाना पुरा होईपर्यंत उजव्याला हात लावू नका. करार एका वर्षावर आलेला आणि नवी सही न करणारा प्लेअर पहिला डावीकडं, कारण युरोपच्या कोर्टाच्या १९९५ च्या बोस्मान निकालापासून करार संपला की प्लेअर फुकट जातो. शेवटच्या सहा महिन्यांत परदेशी क्लबशी बोलणी करून ठेवायला पण मोकळा. लेवांडोव्स्की २०१४ ला डॉर्टमुंडहून बायर्नला असाच गेला, एम्बापे २०२४ ला रेआलला असाच. म्हणून क्लब दोन वर्षं उरली असतानाच सांगतो, सही कर नाहीतर विकतो. आपल्याला ते निर्दयी वाटतं पण सूत पडून भाव उतरायच्या आधी काढतो का नाही आपण, तसंच.

चांगला डावा रकाना कसा असतो तर जर्मनीतला लेव्हरकुसेन, २०२३. डियाबीला अॅस्टन व्हिलाला विकला, मोठी रक्कम आली, आणि ती एका नावावर न उडवता भोकं भरली. ग्रिमाल्डो फुकट, पुढं बोनिफेस, हॉफमन, आणि आमच्याकडनं तीस वर्षांचा झाका. पुढं काय झालं माहितीये, त्यांचा कोच झाबी अलोन्सोनं बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीची लीग, एकही मॅच न हरता जिंकली. आणि तोच क्लब २०२५ ला बघा. व्हिर्ट्झ गेला, फ्रिम्पॉन्ग गेला, टा गेला, झाकाही गेला, कोच स्वतः रेआलला गेला. एका उन्हाळ्यात एवढी माणसं उठली की नवा कोच टेन हाग लीगच्या दोन मॅचमध्येच घरी. म्हणून माझा नियम, पहिल्या अकरातले तीनपेक्षा जास्त एका विंडोत जाऊ द्यायचे नाहीत, चौथा कितीही पैसे देत असला तरी. नियम माझा आहे, पुस्तकातला नाही.

विकून पैसा आला की तो लपवून ठेवणं ही पण कला आहे. ऑगस्ट २०१७ ला पॅरिसनं नेमारसाठी २२.२ कोटी युरो मोजले आणि सगळ्या युरोपला कळलं की बार्साच्या खिशात एवढे पैसे आहेत आणि त्यांना घाई आहे. मग डेम्बेले आणि जानेवारीत कुटिन्हो, दोघांत मिळून आलेल्यापेक्षा जास्तच गेले. होम मैदानावर गड्डा यात्रेत फिरताना खिसा फुगलेला दिसला की पाळणेवालासुद्धा दर वाढवतो, इथं तर विकणारे क्लब होते. आणि कुटिन्होचे ते पैसे घेऊन लिव्हरपूलनं काय केलं? ७.५ कोटी पौंडांना व्हॅन डाइक, उन्हाळ्यात अॅलिसन. एक सेंटर बॅक, एक कीपर, दोन्ही भोकं बुजली. २०१९ ला चॅम्पियन्स लीग, २०२० ला लीग. आमचा बार्सावाला हा परिच्छेद वाचणार नाही, वाचला तरी मान्य करणार नाही.

पैशाचं पान, इथं जरा बसा

हे माझ्या आवडीचं पान. लोक आकडा वाचतात, १० कोटी पौंड, आणि म्हणतात एवढे पैसे एका वर्षात? तसं नसतं. आमच्या कारखान्यात समजा पन्नास लाखाचा माग आणला, दहा वर्षं चालणार, तर वहीत दरवर्षी पाच लाख घसारा पडतो. प्लेअरचं तसंच. ५ कोटी पौंडांना घेतला, करार पाच वर्षांचा, तर पुस्तकात दरवर्षी १ कोटी खर्च. रोख हप्ते कसे द्यायचे ते दोन क्लबांनी वेगळं ठरवायचं, पण पुस्तकात असं.

आता गंमत बघा. दोन वर्षांनी हाच प्लेअर ४ कोटीला विकला. ग्रुपवर बोंब, एक कोटीचा तोटा झाला. नाही झाला. पुस्तकात त्याची किंमत उरली होती ३ कोटी, विकला ४ ला, त्या वर्षी १ कोटी नफा. हे एकदा वहीत स्वतः मांडून बघा, त्याशिवाय डोक्यात बसत नाही, मला कॉमर्स करून पण दोनदा मांडावं लागलं.

मग चेल्सीनं काय डोकं लावलं, तर करारच लांब केला. एन्झो फर्नांडेझ २०२३ च्या सुरुवातीला १०.६८ कोटी पौंडांना, करार साडेआठ वर्षांचा. पाच वर्षांवर पसरला असता तर वर्षाला २ कोटी १३ लाखाच्या आसपास पडला असता, साडेआठवर पसरला म्हणून सव्वा कोटी. हुशारी आहे, पण साडेआठ वर्षांत प्लेअर बिघडला तर त्याचा पगारही साडेआठ वर्षं. युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, मग नियम केला की करार कितीही लांब असू दे, हिशेबात पाचच वर्षं धरायची, प्रीमियर लीगनं पण डिसेंबर २०२३ ला तेच धरलं.

आणि अॅकॅडमीचा पोरगा. त्याला विकत आणलेलाच नसतो, म्हणून पुस्तकात त्याची किंमत शून्य, विकला की सगळाच्या सगळा नफा. २०२३ ला चेल्सीनं मेसन माउंटला ५.५ कोटी पौंडांना युनायटेडला दिला, सगळं नफ्यात. त्याच उन्हाळ्यात सिटीनं कोल पामरला चेल्सीला दिला. तुम्ही म्हणाल घरचा पोरगा कशाला विकतात, तर ह्याच्यासाठी. कायद्यात चूक नाही, पण मला नाही आवडत, आठ वर्षांचा असल्यापासून आपल्या जर्सीत वाढलेला पोरगा आणि हिशेबाच्या रकान्यासाठी बाहेर. हिशेब लिहिणारा माणूस असून सांगतो.

हा हिशेब एवढा महत्त्वाचा का, कारण चुकला तर पॉइंट जातात. प्रीमियर लीगचा जुना नियम होता की तीन वर्षांत मिळून तोटा १०.५ कोटी पौंडांच्या वर जायचा नाही. नोव्हेंबर २०२३ ला एव्हर्टनचे १० पॉइंट कापले, अपिलात ६ झाले, एप्रिलमध्ये परत २ गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४ गेले. युएफाचा नियम वेगळा आहे, पगार, ट्रान्सफरचा घसारा आणि एजंटची फी मिळून उत्पन्नाच्या ७० टक्क्यांच्या आत पाहिजे. प्रीमियर लीग २०२६-२७ पासून तसलाच नियम आणतीये, त्यांचा आकडा ८५. म्हणजे यंदा वही करणाऱ्यांनी पगाराचा रकाना सोडून चालणारच नाही.

पगारावरून आठवलं, फुकट प्लेअर फुकट नसतो. जानेवारी २०१८ ला युनायटेडनं सांचेझला आमच्याकडनं घेतला, बदल्यात मखितारियन दिला, रोख रक्कम शून्य, काय सौदा म्हणून त्यांनी सांचेझ पियानो वाजवतोय असा व्हिडिओ काढला. पण पगार एवढा मोठा बसवला की बाकीचे सगळे म्हणायला लागले मग आमचं काय. दीड वर्षात लोनवर इंटरला. घरात एका भावाला बुलेट घेतली की दुसरा सायकलवर बसत नाही, तसं झालं.

आणखी एक, ह्याचा आपल्याशी संबंध आहे म्हणून सांगतो. करार चालू असताना प्लेअर दुसऱ्या देशातल्या क्लबला विकला की फीमधले ५ टक्के त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत शिकवणाऱ्या क्लबांना वाटले जातात, फिफाचा नियम आहे. बारा ते पंधरा वयाच्या दर वर्षाला पाव टक्का, पुढं अर्धा टक्का. १ कोटी युरोच्या सौद्यात बारा वर्षांच्या पोराला एक वर्ष सांभाळलं तरी २५ हजार युरो. नोंदणी आणि कागद मात्र व्यवस्थित पाहिजेत. आपल्याकडं पोरांचे जन्मदाखले गोळा करतानाच निम्मा सीझन जातो, ते सोडा.

वय बघून घ्या

इथं फार लांबत नाही. ब्रायटननं कैसेडोला इक्वाडोरमधून २०२१ ला ४० लाख पौंडांच्या आसपास आणला आणि ऑगस्ट २०२३ ला चेल्सीला १० कोटी पौंड अधिक बोनस अशा बोलीनं दिला. त्यांचं तंत्र सोपं दिसतं, बाकीच्यांची नजर पडायच्या आधी जायचं, आणि मुख्य म्हणजे विकायच्या आधीच त्याच्या जागेवरचा पुढचा पोरगा घरात आणून ठेवलेला असतो. लेस्टरनं वार्डीला फ्लीटवूडहून १० लाखाला, महरेझला ल हाव्रहून ४ लाखाच्या आसपास, कांटेला कॉनहून ५६ लाखाला आणलं, सगळे पौंडच, आणि २०१६ ला लीग जिंकली.

म्हणून सगळेच कोवळे आणा असं नाही. झाका २०२५ ला बत्तीस वर्षांचा असताना सुंदरलँडनं घेतला, नुकताच वर आलेला क्लब, पोरांना मैदानावर ओरडून सांगणारा एक माणूस पाहिजेच. मी पाच आणायचे असतील तर दोन तेविसाच्या आतले, दोन चोवीस ते सत्तावीस आणि एक म्हातारा असं धरतो. म्हाताऱ्याला दोन वर्षांच्या वर करार नाही. तीस वर्षांच्या कासेमिरोला २०२२ ला युनायटेडनं ६ कोटी पौंड दिले होते. चांगला खेळला पहिलं वर्ष, मान्य, पण परत विकायचा म्हटलं तर गिऱ्हाईक कुठंय.

नियमांचा रकाना पटकन लिहून घ्या. प्रीमियर लीगच्या यादीत २५ जण, त्यात जास्तीत जास्त १७ बाहेर घडलेले, एकविशीच्या आतल्यांना यादीची गरज नाही. 'होमग्रोन' म्हणजे इंग्रज नव्हे, एकविशीच्या आधी इंग्लंड-वेल्सच्या क्लबात तीन वर्षं काढलेला, म्हणून फॅब्रेगास स्पॅनिश असून होमग्रोन धरला जायचा. इंग्लिश प्लेअर महाग का, ह्याचं अर्धं उत्तर इथं आहे.

लोनवर घालवलेली पोरं वेगळ्या पानावर लिहा, विसरतात लोक. सलिबाला आम्ही २०१९ ला घेतला आणि तो तीन लोन खेळून ऑगस्ट २०२२ ला पहिल्यांदा आर्सेनलच्या जर्सीत उतरला. त्या तीन वर्षांत मी दर जूनला वहीत 'नवा सेंटर बॅक पाहिजे' लिहीत होतो, आणि माणूस घरचाच, नीस-मार्सेलीला तयार होत होता.

अफवा कशी चाळायची

'इंटरेस्टेड' ह्या शब्दाला किंमत शून्य. मी पण इंटरेस्टेड आहे, फ्लॅटमध्ये, जुळे सोलापुरात. एजंटला पगारवाढ पाहिजे असली की दुसऱ्या क्लबचं नाव बाजारात सोडतो, हे ज्या प्लेअरचा करार संपत आलाय त्याच्याबाबतीत हमखास. 'पर्सनल टर्म्स ठरल्या' म्हणजे मुलगा-मुलगी पसंत, देण्याघेण्याचं अजून बाकी. क्लब-क्लबचं ठरलं आणि मेडिकलची तारीख आली तर पेन्सिलनं नाव लिहा. ट्रान्सफरच्या बातम्या देणारा पत्रकार रोमानो, त्यानं सौदा पक्का म्हणून 'हिअर वी गो' टाकलं तरी खोडरबर जवळ ठेवा.

कारण कागद. ३१ ऑगस्ट २०१५ ला डे हेआ रेआलला जाणार, सगळं ठरलेलं, बदल्यात केलर नवास येणार, आणि शेवटच्या रात्री कागद वेळेत पोचले नाहीत म्हणून दोघं जिथल्या तिथं. २०१७ ला लेस्टरनं एड्रियन सिल्वाला घेतला आणि नोंदणीला १४ सेकंद उशीर झाला. चौदा सेकंद! जानेवारीपर्यंत बिचारा खेळू शकला नाही. आमच्याकडं जीएसटीची शेवटची तारीख असली की मी साहेबांना हाच किस्सा सांगतो.

शेवटच्या दिवसाची खरेदी कायम महागच पडते. १ सप्टेंबर २०२५ ला विंडो आपल्या रात्री साडेअकराला बंद झाली, त्या दिवशी लिव्हरपूलनं इसाकला १२.५ कोटी पौंडांना घेतला, इंग्लंडचा विक्रम. प्लेअर भारीच, पण जुन्या क्लबशी वादामुळं त्यानं प्री-सीझन, म्हणजे सीझनआधीच्या सरावाच्या मॅच, खेळलंच नव्हतं, मग नव्या क्लबात सूर लागायला वेळ गेला. म्हणून माझ्या वहीत येणाऱ्याच्या नावापुढं तारखेचा पण रकाना आहे, जुलै अखेरपर्यंत आला तर पूर्ण मार्क, ऑगस्टच्या शेवटी आला तर अर्धे. आणि २०२६ ला वर्ल्ड कप १९ जुलैपर्यंत आहे, पुढपर्यंत खेळलेले प्लेअर सुट्टी घेऊन येणार कधी आणि पळणार कधी. तुमच्या अकरातले किती जण वर्ल्ड कपला गेलेत ते मोजा, सहाच्या वर असतील तर ऑगस्टसाठी बॅकअपच खरा संघ.

आता आपल्या टर्फवरच्या टीमचं

हे सगळं लिहिणाऱ्यानं स्वतःच्या टीमचं काय केलं ते पण सांगितलं पाहिजे. गेल्या पावसाळ्यात लाइटखालची सेव्हन-अ-साइड स्पर्धा होती, आम्ही दहा जणांची यादी दिली. विजापूर रोडवरचा एक पोरगा, पळायला तुफान, त्याला आणायला तीन संध्याकाळी चहा-भजी खर्च केली. मग आणखी एक स्ट्रायकर मिळाला म्हणून तोही घेतला. मग मावसभावाचा मित्र, तोही पुढंच खेळणारा. जर्सी छापून आल्या, नऊ, दहा, अकरा, सात, सगळे भारी नंबर संपले. कीपर एकच. यंत्रमागावर काम करणारा, हात असे की बॉल चिकटायचा.

सेमीफायनलच्या आदल्या रात्री साडेदहाला त्याचा फोन. "दादा, उद्या शिफ्ट बदललीय ओ, रात्रपाळी करलालाव, सुट्टी देईनात." मी म्हटलं सांगून बघ ना परत. तो म्हणाला, "तीनदा सांगितलो." दुसऱ्या दिवशी ग्लोव्हज माझ्या हातात. सहा गोल खाल्ले, त्यातला एक माझ्याच पायांतून, आणि पुढं तीन स्ट्रायकर कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत उभे.

तर यादी करताना वरचंच सगळं लागू. फक्त पैशाच्या जागी वेळ लिहा. प्रत्येक नावापुढं कुणाची पाळी कुठली, कुणाच्या घरी लग्न, कुणाची परीक्षा, कोण गणपतीत ढोलपथकात असणार, हे तारखेसकट विचारून लिहा, तोंडी 'येतो की' चालत नाही. दहा जणांत कीपर दोन, मागं तीन, मधले तीन, पुढं दोन, बास. कोल्हापूरला पाटाकडील, प्रॅक्टिस, दिलबहार असल्या टीमचे लोक सीझनआधी कोण कुठल्या टीममध्ये चाललाय ह्यावर चौकाचौकात बोलत असतात, तिथं शाहू स्टेडियम भरतं, आपल्याकडं पार्क स्टेडियम म्हटलं की आधी क्रिकेटच आठवतं, त्यामुळं आपल्याला दहा माणसं जमवायलाच नाकी नऊ येतात, तेवढा फरक धरा.

जाणाऱ्यांचा रकाना इथं सगळ्यात अवघड. आमच्यात एक सीनिअर आहेत, पळत नाहीत आता, पण बॉल त्यांचा, आणि टर्फचे पैसे कमी पडले की घालणारे पण तेच. त्यांना कसं सांगायचं? मी सांगितलं नाही. अण्णा, तुम्ही बाहेरून सांगा, आतून कुणाला दिसत नाही, एवढंच म्हटलं. ते दोन मिनिटं गप्प बसले, शेंगाचटणी लावलेला कडक भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "म्हणजे काढलास की रे मला." आता ते लाइनवर उभं राहून ओरडतात आणि खरं सांगायचं तर आमचं मागचं बरंच सुधारलंय.

यंदाच्या वहीत कीपर दोन लिहिलेत, दुसरा कॉलेजचा पोरगा, व्हॉलीबॉल खेळतो, उडी चांगली आहे. ग्लोव्हज तेवढे त्याच्या मापाचे नाहीत, रविवारी नव्या पेठेत जाऊन बघून येतो.